अमरावतीच्या आखाड्यात मी उभा राहिलो

वऱ्हाडात जाण्याचे मला स्वतःचे असे काही कारण नव्हते. कारण होते ते नारायण देशमुखाला. नारायण कॉलेजातला माझा सोबती. अकोल्याच्या पुढे, पूर्णा नदीपासून कोसभर त्याच्या वडिलांची काळी जमीन आहे. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून त्या जमिनीतल्या कापसाला असा काही भाव आला होता, की वडिलांनी निरोप धाडला: सुटीत घरी ये, आणि एकटा येऊ नको, तुझ्या त्या पहिलवान दोस्ताला घेऊन ये. तो पहिलवान दोस्त म्हणजे मी.

हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. मी कुस्ती कधी खेळलो नव्हतो, आणि खेळलो असे कोणाला सांगितलेही नव्हते. झाले एवढेच, की कॉलेजात आलो त्या पहिल्याच महिन्यात माझा कान ठणकू लागला आणि मी कानाला फडके बांधून हिंडलो. त्याच सुमारास उशी नीट न लागल्यामुळे मान धरली, तेव्हा कोणी हाक मारली की मान न वळवता सगळा देह वळवावा लागे. त्यातच दोन्ही काखांत काखमांजरीची गळवे झाली, म्हणून दोन्ही हात अंगापासून वीतभर लांब ठेवून चालावे लागे. कुस्तीत कान फुटलेले पहिलवान असेच फडके बांधून, असेच चालतात; पुण्यात एवढ्यावर माणूस पहिलवान ठरतो. पुढे तिन्ही दुखणी बरी झाली, पण तोवर खानावळीतल्या काकू माझ्या वाटीत दूध जास्त घालू लागल्या होत्या. आपण बरे झालो म्हणून त्यांचे मन मोडणे मला प्रशस्त वाटले नाही. मी फडके बांधत राहिलो आणि सकाळी तालमीवरून जाताना दारातली चिमूटभर माती खांद्याला लावू लागलो.

कॉलेजातल्या गोऱ्या प्राध्यापकांनी चेंडूफळीचा, म्हणजे क्रिकेटचा, संघ काढला तेव्हा माझी चाल बघून मलाच पुढारी केले. मी मैदानाच्या मधोमध हाताची घडी घालून उभा राही. चेंडू माझ्याकडे सहसा येत नसे. आला तर कोणी ना कोणी धावत येऊन माझ्या वतीने तो उचली. कुस्तीला कोणी बोलावलेच तर माझे एक उत्तर ठरलेले असे, "वस्तादांची परवानगी नाही." वस्ताद कोण हे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. अशी दोन वर्षे फार समाधानात गेली.

अकोला

आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत पोचली नव्हती. रूळ संपले तिथून आम्ही दमणी केली. दमणी म्हणजे वऱ्हाडातली हलकी बैलगाडी. ती हलकी आहे याची जाणीव बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्याला प्रत्येक दगडाशी होते. त्या प्रवासाविषयी मी अधिक काही लिहीत नाही.

अकोल्यात शिरताच पहिली गोष्ट डोळ्यात भरली, आणि नंतर नाकात व घशातही गेली, ती कापूस. रस्त्यावर कापूस, बाभळीच्या काट्यांवर कापूस, वरणात कापूस. गाड्यांची रांग एवढी, की शेवटच्या गाडीवानाने चूल मांडून भाकरी करून घेतली तरी रांग सरकली नव्हती. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. गाडीवानाच्या अंगात मखमली बंडी आणि पायात काहीच नाही. पुण्यात पैसा आला तर माणूस आधी तो लपवतो. इथे तो बैलाच्या शिंगावर चढवतात, म्हणजे सगळ्यांना लांबून दिसतो.

पुढे वाटेत एक कापसाची गाडी काळ्या मातीत आसापर्यंत रुतली होती. पाच-सहा जण चाकाला भिडले होते. मी दमणीतून उतरलो तो केवळ कंबर मोकळी करायला. पण माझे हात सवयीने अंगापासून लांब राहिले आणि कानाला फडके होतेच. ते सगळे जण चाक सोडून अदबीने बाजूला झाले.

"सरका बे!" एक जण म्हणाला. "पयलवान हात लावून राहिले."

मी चाकावर हात ठेवला. तो ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. ठेवल्यावर पुढे काय करावे हे सुचेना, म्हणून मी गंभीरपणे म्हणालो, "आधी बैलांना दम खाऊ द्या." इतका वेळ त्या बिचाऱ्या बैलांना मार खाण्याखेरीज काही मिळाले नव्हते. त्यांनी दम खाल्ला, जरा विचार केला आणि एका हिसड्यासरशी गाडी बाहेर काढली. माझा हात अजून चाकावरच होता. तो चाकाबरोबर फिरून मी चिखलात गुडघ्यावर बसलो. पण बाकीच्यांनी त्याचा अर्थ मी धरणीला नमस्कार केला असा घेतला.

नारायणचे गाव

ही बातमी आमच्या दमणीच्या आधी गावात पोचली होती. नारायणचे वडील ओसरीवर उभेच होते. नारायण त्यांचा उल्लेख माझ्यापाशी "आमचा बुढा" असा करी. मला आधी धक्का बसला होता, पण वऱ्हाडात त्यात अनादर मुळीच नाही.

"हाच का थो पयलवान?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "हात लावला आन् गाडी निंघाली म्हन्तेत. पन दंडावर तं काई मास दिसत नाई!"

"पुण्याची ताकद आतून असते, बाबा," नारायण म्हणाला. त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता, आणि या साऱ्या प्रकरणात मला खरा ताप झाला तो त्याच्या विश्वासाचा.

जेवणाला रोडगे होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून त्यावर तूप ओततात आणि सोबत वांग्याची भाजी. ती भाजी दिसायला अगदी निरुपद्रवी होती. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले आणि दुसऱ्याला ऐकू येईनासे झाले. नारायणची आई मायेने म्हणाली, "काहून लेका, तिखट लागलं? आज तं पाहुन्यासाठी कमीच टाकलं." आमच्याकडे पाहुण्याने नको म्हटले की यजमान समजून घेतो. इथे नको म्हटले की पाहुणा लाजतो असे समजतात. मी पाच वेळा लाजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला गावचा आखाडा दाखवायला नेले. रस्त्याला लागून उंचवट्यावर एक मोठा निंब, त्याखाली लाल मातीचा चौक. त्याच्या कडेला उस्ताद बशीरमियाँ एकटेच कुदळीने माती हलवत होते. वय सत्तरीचे, दाढी पांढरी, आणि दोन्ही कान असे चुरगळलेले की त्यांना फडके बांधण्याची गरजच नव्हती. मी माझे फडके जरा घट्ट केले.

आखाड्यात पोरे नव्हती. कापूस वेचायला, रेचून सरकी काढायला, वाहायला गावातली सगळी तरणी माणसे गेली होती. ज्यांना जाण्याची गरज नव्हती ती नवा पैसा आल्यापासून ओसरीवर बसून फुगली होती. आणि नारायणच्या वडिलांना ही उंच, कोरडी, रस्त्यालगतची जागा कापूस रचायला हवी होती.

"मी काई वाईट मानूस नाई," ते उस्तादांच्या देखतच मला म्हणाले. "पन खाली सरद राह्यते, कापूस सडते. अन् अथी कोनी येत नाई. मी यायले सांगतलं, अमरावतीच्या कुस्त्यांच्या दंगलीतून आपल्या गावचा पयलवान मानाचा फेटा आनन, तं आखाडा राहीन. नाई तं पुढच्या आठवड्यात मी अथी कापूस टाकतो."

"अन् माह्याजवळ पयलवान नाई," उस्ताद कुदळ न थांबवता म्हणाले.

मग दोघेही माझ्याकडे बघू लागले. नारायण तर आधीपासूनच बघत होता.

मी डगमगलो नाही. दोन वर्षे उपयोगी पडलेले उत्तर मी जसेच्या तसे दिले, "माझी काही ना नाही, पण वस्तादांची परवानगी नाही."

हे उत्तर पुण्यात चालते. वऱ्हाडात माणसे अडचण ऐकली की ती दूर करायला धावतात. उस्तादांनी कुदळ टाकली, आत गेले आणि तांबडा दोरा घेऊन आले. आखाड्यात शागीर्द करून घेताना उस्ताद मनगटाला असा दोरा बांधतात, त्याला गंडा म्हणतात. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या मनगटाला तो बांधला, गाठ मारली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आजपासून तुहा उस्ताद मी. परवानगी देल्ली."

माझ्या जवळचे एकुलते एक शस्त्र असे त्यांनी काढून घेतले. मी खरे सांगायला तोंड उघडले होते, हे मी शपथेवर सांगतो. पण उघडलेल्या तोंडात उस्तादांनी वाटलेल्या बदामाचा गोळा घातला. तो गिळून होईपर्यंत त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेले मला दिसले, आणि मग मी खरेही गिळून टाकले.

दंगल आठवड्यावर होती. सराव करायला जोडीदार नव्हता. ती एक देवाची कृपा. मग पायांना मेहनत हवी म्हणून उस्तादांनी मला कापूस तुडवायला पाठवले. ही तिथली रीत बघण्यासारखी आहे. लाकडी घडवंचीला माणसापेक्षा उंच गोणी टांगतात, वरून कापूस टाकतात, आणि एक माणूस आत उतरून तो तुडवत तुडवत वर येतो. सकाळी मी गोणीत दिसेनासा होई आणि दुपारी हळूहळू उगवे. शिकवायला असलेला गडी एवढेच म्हणाला, "उड्या नका मारू. एक पाय दाबा, मंग दुसरा. जागा नाई सोडाची." संध्याकाळी उस्ताद दूध घेऊन येत आणि माझ्या पोटऱ्या चेपून बघत.

अमरावती

अमरावतीला दगडी परकोट आहे. त्याच्या आत कापसाच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि बाहेर मैदान. त्या मैदानात बहुतेक सगळे वऱ्हाड जमले होते. आधी आम्ही अंबादेवीचे दर्शन घेतले. मी देवीजवळ फार मोठे काही मागितले नाही. जोड मिळू नये, एवढेच मागितले.

त्याचे असे आहे, की आखाड्यात कोणालाही कोणाशी लावत नाहीत. पंच दोघांना शेजारी उभे करतात, अंगकाठी बघतात, नाव विचारतात आणि मग जोड ठरवतात. मला वाटले होते, अनोळखी पुणेकराला जोड कुठून सापडणार! पण गाडीच्या चाकाची गोष्ट माझ्या आधी तिथेही पोचली होती. आता मी ती गाडी सहा बैलांसकट उचलली होती.

"हा तं मोठा पयलवान आहे," पंच म्हणाले. "याले भीमाच लागन."

कारंज्याचा भीमा एका व्यापाऱ्याच्या पदरी होता. तो उभा राहिला तेव्हा त्याच्यामागे बसलेल्या चार माणसांना ऊन लागेनासे झाले. मिशा भरघोस, मान नाहीच. त्याची कुस्ती कोणी पाहिली नव्हती, कारण त्याच्यासमोर कोणी उभे राहायलाच तयार होत नसे, असे नारायणने मला आनंदाने सांगितले.

उस्तादांनी धुतलेले मुंडासे बांधले होते. त्यांनी माझ्या कानाचे फडके सोडून स्वतःच्या खिशात ठेवले, पाठीवर थाप मारली आणि मातीच्या कडेला बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी ठरवले होते, हात मिळवायचे आणि ताबडतोब पडायचे. पडण्याला विद्या लागत नाही. पण जाताना एकदा मागे पाहिले. उस्ताद माझ्या पायांकडे बघत होते. घोळक्यात त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नारायणच्या वडिलांनी मात्र नेमके तेव्हाच आकाशाकडे बघून आपल्या कापसासाठी ढगांचा अंदाज घेतला. मला त्यांचा अकस्मात फार राग आला, आणि पडायचे मी जरा लांबणीवर टाकले.

हात मिळवले. भीमाने माझ्या मानेवर हात टाकला, मी त्याच्या. डोक्याला डोके लागले, त्याचा गाल माझ्या कानावर दाबून बसला. आता तो मला उचलणार म्हणून मी डोळे मिटले. काहीच झाले नाही. बऱ्याच वेळाने कानाशी आवाज आला.

"पयलवान, जरा सबुरीनं घ्या. मले काई येत नाई."

माझा विश्वास बसला नाही. "म्हणजे?"

"कुस्ती येत नाई. शेटजीनं मले दुकानाच्या दारात बसाले ठेवलं, मानसं भ्यावं म्हून. आज म्हने दंगलीत जा. मी नाई म्हनलं असतं तं नोकरी गेली असती."

"मलाही येत नाही," मी म्हणालो.

"थट्टा नका करू जी. तुमी सहा बैलं उचलले."

"देवीशपथ येत नाही."

बाहेर लोक टक लावून बघत होते. मग कडेच्या जाणकारांपैकी एक जण दबल्या आवाजात म्हणाला, "पाहून राहिला का? दोघंबी हलत नाई. आतल्या आत ताकद चालून राहिली." दुसरा म्हणाला, "अशी कुस्ती आता पाह्याले भेटत नाई."

"तुमी पडता का?" भीमाने विचारले. "मी पडलो तं शेटजी हाकलते. घरी बायको हाये, दोन पोरी हायेत."

मी त्याला आखाड्याचे सांगितले. निंबाचे झाड, बशीरमियाँ, कापसाचा ढीग. जसे जमेल तसे, त्याच्या मानेत तोंड खुपसून सांगितले.

"मंग कोनीच नाई पडू," तो शेवटी म्हणाला.

हे बोलायला सोपे होते. एका माशीने माझ्या नाकावर मुक्काम केला. कान आधी दुखला, मग जळला, मग तो आपला आहे असे वाटेनासे झाले. भीमाचे पाय लटलट कापू लागले, आणि जाणकारांनी तेही आपसांत समजून घेतले. दिवेलागणीला पंच कुस्ती सोडवतात हे आम्हा दोघांना ठाऊक होते, पण सूर्य अजून परकोटाच्या बराच वर होता.

"आता नाई होत जी," भीमा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. "गुडघे चालले."

मला तरी कुस्तीतले काय येत होते! येत होते ते एकच. "नुसते उभे राहू नका," मी म्हणालो, "तुडवा. एक पाय दाबा, मग दुसरा. जागा सोडायची नाही. कापूस तुडवतो तसे."

भीमाने कापसाच्याच गावात जन्म काढला होता. त्याला पुढे सांगावे लागले नाही. आम्ही दोघेही एकमेकांच्या मानेला लटकून माती तुडवू लागलो. मैदानात एकदम आरोळी उठली. "हलला! हलला! पेच टाकून राहिला!" मुंडाशी उडाली. आम्ही तुडवत होतो, माती घोट्यापर्यंत आली होती आणि भीमा माझ्या कानात त्याच्या पोरींची नावे घेत होता. मी पुण्याचे, कॉलेजाचे, काकूंच्या दुधाचे काहीसुद्धा आठवत नव्हतो. पडायचे नाही, एवढे एकच डोक्यात होते. आयुष्यात इतक्या मनापासून मी दुसरे काही केल्याचे मला आठवत नाही.

परकोटावरचे ऊन गेले तेव्हा पंच आत आले. आम्हाला सोडवायला चार माणसे लागली, कारण आमचे हात उघडत नव्हते. पंचांनी दोघांचेही हात वर केले. कुस्ती बरोबरीची, मानाचे फेटे दोन. नारायणचे वडील माझ्याजवळ आले, मला पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "जबान देल्ली म्हंजे देल्ली. कापसाची दुसरी जागा पाहीन." मग जरा घुटमळून, "तिखट कमी टाकाले सांगतो घरी."

परतीच्या दिवशी मी आखाड्यात गेलो. सहा-सात पोरे लंगोट बांधून आली होती आणि जोडीजोडीने एकमेकांच्या मानेला धरून तुडवत होती. उस्ताद त्यांच्यावर ओरडत होते. मला बघून ते बाजूला आले. मी गंडा सोडून द्यायला मनगट पुढे केले.

"थो सोडाचा नसते," ते म्हणाले. माझ्या सुजलेल्या कानाला त्यांनी हलकेच बोट लावले. "बेटा, आता पुन्याले जाजो अन् कुस्ती शिकून घेजो."

मी मनगट मागे घेतले. "तुम्हाला ठाऊक होते?"

"दोरा बांदला तवाच."

"मग मला पाठवलेत कशाला?"

"माह्याजवळ दुसरा होता कोन?" ते म्हणाले. "अन् तू उभा तं राह्यला." त्यांनी खिशातून माझे फडके काढले, झटकले आणि परत दिले. मी ते दमणीच्या बैलांचा घाम पुसायला गाडीवानाला दिले.

पुणे

परत आल्यावर कॉलेजात एक नवल झाले. अमरावतीची हकीगत मी सांगितली, अगदी खरी सांगितली, तर कोणाचा विश्वास बसला नाही. माझे हात आता अंगाला लागून असतात. कान फुटका आहे, पण त्यावर फडके नाही. मित्र म्हणाले, तू हल्ली पहिलवानासारखा दिसत नाहीस. काकूंनी दूध कमी केले.

त्याच आठवड्यात तालमीवरून जाताना आतल्या एका पठ्ठ्याने नेहमीसारखी थट्टेने हाक मारली, "काय पहिलवान, येता का?" माझ्या जिभेवर जुने उत्तर आले होते. पण परवानगी तर मिळालेली होती, मनगटावर दोरा होता. मी सदरा काढून आत गेलो. त्याने मला असे आपटले, की तालमीच्या कौलांची रचना मला पहिल्यांदाच नीट बघायला मिळाली. उठलो. त्याने पुन्हा आपटले. आता रोज सकाळी जातो आणि रोज आपटतात.

पहिल्या दिवशी तिसऱ्यांदा पडलो तेव्हा तिथले म्हातारे वस्ताद जवळ येऊन म्हणाले, "उभे राहतोस बरा. बाकी काही येत नाही तुला. कोणाचा पठ्ठा रे तू?" पाठीला माती लागली होती, तोंडातही गेली होती. ती थुंकून मी उठलो आणि छाती काढून बशीरमियाँचे नाव सांगितले.